काचेवरचा संशय

डॉक्टरीणबाई माझ्यावर ओरडल्या, तेव्हा मला पटलं की मी मरत नाही. तोवर पटलंच नव्हतं. "किती वेळा सांगू, मालनबाई? काही नाही तुम्हाला. काच स्वच्छ आहे. जा आता घरी, बाहेर बायका ताटकळल्यात," असं म्हणून सरोजिनीबाईंनी पेनाला टोपण लावलं आणि पुढच्या बाईला बोलवायला आयाला खूण केली. गोड बोलल्या असत्या, खांद्यावर हात ठेवला असता, तर मी समजले असते की आता फार दिवस उरले नाहीत. पण बाई चिडल्या. मरणाऱ्या माणसावर कोण चिडतं? मी स्टुलावरून उठलेच नाही. "आणि मागच्या खेपेला काय होतं मला?" मी विचारलं. बाईंनी चष्मा काढला, डोळे चोळले. "तेव्हाही हेच सांगितलं होतं. आत सूज होती. सुजेनं पेशी वेड्यावाकड्या दिसतात भिंगाखाली. म्हणून संशय लिहिला. संशय म्हणजे रोग नव्हे हो. संशय म्हणजे औषध घ्यायचं आणि पुन्हा बघायचं. पुन्हा बघितलं. नाही काही." मी म्हटलं, "मग तेव्हा घरचं कुणी बरोबर आलंय का, असं का विचारलंत?" "तुमच्या नवऱ्याला तपासायचं होतं म्हणून. असली सूज नवराबायकोत फिरत राहते, एकट्या बाईला औषध देऊन काय उपयोग? कुठं होते ते?" "तुरुंगात. सत्याग्रहात पकडले होते." "मग बरंच झालं," बाई म्हणाल्या आणि किंचित हसल्या. पुढची बाई आत येऊन माझ्या डोक्याशी उभी राहिली होती, तिच्या ओल्या छत्रीचं पाणी माझ्या पायावर ठिबकत होतं. एवढंच होतं म्हणजे. नवऱ्याला तपासायचं होतं.

बाहेर आले तर परळचा रस्ता तसाच चालू. भाजीवाल्या, गिरणीतून सुटलेले लोक, भिंतीवर डांबरानं लिहिलेलं ‘मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे’, त्यातला ‘च’ पोलिसांनी चुना फासूनही वर आलेला. घर डाव्या हाताला, लालबागला. आनंदाची बातमी घेऊन निघालेली बाई काय करते? पेढे घेते, नवऱ्याला गाठते. मी मात्र खांबाला टेकून उभी राहिले आणि मला अशी काही भूक लागली की विचारू नका. किती महिन्यांनी! मरणाऱ्या बाईला कसली आली भूक? दोन घास गिळायचे नि ताट सरकवायचं, ते ताटसुद्धा मी वेगळं केलं होतं, कपसुद्धा, घासून पालथा घालायची तो वेगळ्या कोपऱ्यात. आता ते सगळं पुन्हा फळीवर लावायचं. लावता येईल. ताट लावता येईल, कप लावता येईल. मग एकदम भूक गेली कुठल्या कुठं, आणि माझे पाय लालबागला न वळता उजवीकडे वळले, एल्फिन्स्टनच्या पुलाकडे, वरळीच्या रस्त्याला.

कालू वरळीला आहे. कालिंदी. माझ्या आईचं नाव ठेवलं होतं मी तिला.

कुणी म्हणेल, अगो, शिकलेल्या डॉक्टरीणबाई तोंडावर सांगतात की हा कॅन्सर नव्हे, आणि तुला तो आहे असं वाटतं, हे कसलं डोकं? या, आमच्या चाळीत राहा चार दिवस, मग सांगा. आमच्या शेजारच्या खोलीत कुशाबा होते, गिरणीत कामगारांवरचे जॉबर. हातात कायम तंबाखूची डबी. घसा बसला म्हणून ह्याच परळला गेले. डॉक्टरांनी त्यांना सांगितलं, काही नाही बाबा, घशाला सूज आहे, औषध घ्या. आणि बरोबर आलेल्या मुलाला बाहेर बोलावून खरं सांगितलं. अख्ख्या चाळीला कळलं. नळावर बायका कुजबुजायच्या, पोरं कुशाबांच्या दारावरून जाताना गप्प व्हायची, आणि ते एकटे खाटेवर बसून म्हणायचे, सूजच आहे म्हणाला डॉक्टर, उतरेल. आम्ही सगळे म्हणायचो, हो हो, उतरेल. मी स्वतः म्हटलं होतं, त्यांना पेज नेऊन देताना, इतक्या गोड आवाजात! माणसं मेली तरी त्यांना कळत नाही आमच्याकडे. ते कळायचं काम घरच्यांचं. तेव्हा प्रसूतिगृहाच्या सुईणीनं, बाळंत होऊन इतके महिने झाले तरी अंगावरून जायचं थांबत नाही म्हणून, मला परळला धाडलं, बाईंनी लाकडी चपट्या काडीनं आत खरवडून काचेवर पुसलं, आणि पुढच्या खेपेला हळू आवाजात म्हणाल्या, "घाबरू नका, थोडा संशय आहे, सूज असली तरी असं दिसतं, घरचं कुणी आलंय का बरोबर?" तेव्हा माझ्या कानात कुशाबांचाच आवाज घुमला. सूज! तोच शब्द. तोच हळू आवाज. आणि घरचं कुणी आलेलं नव्हतं, म्हणजे माझं खरं ऐकायला बाहेर कुणी उभंच नव्हतं. मी म्हटलं, ठीक आहे मालन, तुझं तूच ऐकून घे आता.

पुलावर वारा होता. चिमण्यांचा धूर सरळ वर न जाता आडवा पसरला होता आणि मला संशय ऐकून घरी आले त्या दिवशीचं सगळं अंगावर जाणवत होतं, डोळ्यांपुढं नव्हे, अंगावर. मी घरी आले तेव्हा कालू पाळण्यात जागी होती, मला बघून पाय झाडायला लागली. पदर ओलाच झाला माझा. आणि मी तिला घेतलं नाही. वाटलं, हा रोग दुधातून गेला तर? कुणी सांगितलं नव्हतं, कुणाला विचारलंही नव्हतं. ती रडली, रडून रडून निळी झाली, शेजारणीनं वाटी-चमच्यानं गाईचं दूध घातलं तिला. संध्याकाळपर्यंत माझी छाती दगड झाली. तीच शेजारीण मग मोगऱ्याची फुलं घेऊन आली, चोळीच्या आत घट्ट बांधली. म्हणाली, ह्यानं आटतं. रात्रंदिवस मोगरा बांधून मी बसायचे. पलीकडे पोर रडली की फुलं भिजायची, आणि भिजलेल्या मोगऱ्याला आंबूस वास येतो, हे मला तोवर माहीत नव्हतं. अजून देवळाबाहेर गजरे दिसले की मी रस्ता ओलांडते.

आणि कालूला दुसऱ्या घरी द्यायची ठरवली ती का, तर मी स्वतः सावत्र आईच्या हाताखाली वाढलेली. बाप वाईट नव्हता. बाप कधीच वाईट नसतो, तो फक्त घरात नसतो. चिपळूणला आमच्या पडवीत मी भाकरीची वाट बघत बसायची, आणि आतून भांड्यांचा आवाज यायचा, आणि मला आवाजावरून कळायचं की आता माझ्यापुरतं उरलेलं नाही. ते माझ्या कालूच्या वाट्याला? शिवा, माझा नवरा, गिरणीत सांचे खात्यातला, तरुण माणूस. मी गेल्यावर वर्ष नाही थांबायचा, आणि का थांबावं? तो तेव्हा ठाण्याच्या तुरुंगात. तो सुटेपर्यंत मी टिकेन याचा काय भरवसा! मग मला वन्सं दिसल्या. शिवाची थोरली बहीण, अंबिका. लग्नाला एवढी वर्षं झाली, पदरात काही नाही, उपास-तापास, नवस सगळं करून दमलेली. कालूच्या बारशाला तिनं पोरीला मांडीवर घेतलं ते पंगत उठली तरी खाली ठेवलं नव्हतं. पोर रक्ताच्या माणसाकडे जाईल. आते आई होईल. मला तर इतकं बरं वाटलं होतं हे सुचल्यावर! त्या रात्री मी झोपले. खरंच सांगते, गाढ झोपले.

पण नुसतं ‘सांभाळा’ म्हणून ठेवून चालत नाही. उद्या शिवाची दुसरी बायको येऊन म्हणाली, आमची पोर आम्हाला द्या, तर? म्हणून मीच हट्ट धरला, की देवासमोर होऊ दे, ओटीत घालते. वरळीच्या बीडीडी चाळीत, वन्संच्या खोलीत, नारळ ठेवून वन्संच्या यजमानांनी, रामदासभावोजींनी, गाऱ्हाणं घातलं. मालवणी माणूस गाऱ्हाणं घालायला लागला की आवाज निराळाच होतो त्याचा. "बा देवा म्हाराजा, आज ह्या चेडवाक तेच्या आवशीन आपल्या खुशयेन अंबिकेच्या ओटयेत घातल्यान, तां तू मान्य करून घे रे म्हाराजा," आणि दारातले, गॅलरीतले सगळे म्हणाले, "व्हय म्हाराजा!" "दिल्ला परत मागूचा न्हय आणि घेतल्ला परत करूचा न्हय, तेची राखण तू कर रे म्हाराजा." "व्हय म्हाराजा!" माझं माहेर चिपळूणकडचं, मला मालवणी कळतं, बोलायला जमत नाही. पण ते दोन शब्द मी सगळ्यांत मोठ्यानं म्हटले. वन्संनी पदर पसरला, मी आधी नारळ घातला, मग कालू. ती नारळाची शेंडी ओढत होती. वन्सं रडत होत्या आणि मी कोरडी. सगळ्या बायका माझ्याकडे बघून पदर डोळ्याला लावत होत्या. मला आपलं वाटत होतं, मी फार मोठं काम केलं. कपाळ माझं!

शिवा सुटून आला त्या दिवशी चाळीनं त्याला हार घातले, गुलाल उधळला, कुणीतरी पेटीवर पोवाडा म्हटला. त्या गुलालानं माखलेलाच तो खोलीत आला आणि वर आढ्याच्या कडीकडे बघत राहिला. पाळणा कुठं, विचारलं. मी सांगितलं. माझा रोग सांगितला, वन्संचं सांगितलं. तो खाली बसला, डोकं गुडघ्यात घातलं, जमिनीवर गुलाल गळत होता. मग म्हणाला, "दिलंस मां? मगे दिलंस." त्यानंतर मात्र काय सांगू, नवरा म्हणून तो मला तेव्हाच मिळाला. नळावरून पाणी भरायचा, माझे पाय दाबायचा, रात्री अंगाला हात न लावता जवळ पडून राहायचा. मरणाऱ्या बाईचे फार लाड होतात. एकदा मी म्हटलं, मला राहवत नाही हो, चार दिवस आणूया का कालूला? तर म्हणाला, ओटीत घातलेली पोर मागायची? माझ्या बहिणीकडे? गाऱ्हाणं घातलेलं? मोर्च्यात ‘मुंबई द्या’ म्हणून ओरडून ओरडून घसा बसला होता ह्याचा, पंतप्रधानाला भ्याला नाही, पोलिसाला भ्याला नाही. बहिणीकडे पोर मागायला तोंड उघडेना. पण तेव्हा मलाही त्याचा राग आला नाही. मरायचंच आहे तर कशाला पोरीला दोन आया, असं वाटायचं. आज सकाळी तो बरोबर येतो म्हणाला, गिरणीत खाडा टाकतो म्हणाला. मीच नको म्हटलं. बाहेर बोलावून सांगायला मी डॉक्टरीणबाईंना माणूसच देणार नव्हते.

वरळीच्या नाक्यापर्यंत मी मनात एकच वाक्य घोकत होते. वन्सं, मी बरी झाले, माझी कालू द्या. कधी ‘माझी’ काढून टाकायची, कधी ‘द्या’च्या जागी ‘न्यायला आले’ घालायची. वन्सं, चूक झाली, मरतेय असं समजून दिली होती हो, मी मरत नाही, मग दिलेलं कसं लागू होईल? देवालाही माहीतच असणार की मी मरत नाही. त्याला आधीच माहीत होतं! मग त्यानं ‘व्हय’ का म्हणून घेतलं माझ्याकडून? रामदासभावोजींच्या गाऱ्हाण्यात तो गप्प का बसला? मी रस्त्यातच त्याच्याशी भांडत होते, एका माणसानं वळून बघितलं. तशीच जिना चढून वर गेले.

वन्सं खोलीत तांदूळ निवडत बसल्या होत्या. कालू चुलीपासून लांब, डब्याचं झाकण जमिनीवर आपटत होती. मधे कितीक दिवस मी आले नव्हते. केवढी झाली! जावळ काढलं होतं, त्यामुळं डोकं गोल गरगरीत, आणि खालचे दात आले होते, ते मी नव्हते बघितले. माझ्याकडे तिनं बघितलं, जसं दारात आलेल्या कुणाहीकडे बघतात, आणि उठून दोन पावलं लटपटत टाकून वन्संच्या पाठीमागं लपली. वन्संचा पदर तोंडात घातला. पदर चघळायची सवय माझ्याकडचीच.

"इलंस? बस, बस गे," वन्सं म्हणाल्या. "आज परळाक जातलंस म्हणा होतो मां शिवा? काय सांगल्यानी?" बोलता बोलता त्या उठल्या आणि सवयीनं खिळ्याकडे हात गेला. खिळ्यावर माझा कप असतो, कान तुटका, दुसऱ्या कपांना लागू नये म्हणून वेगळा टांगलेला. त्यांचं काही चुकलं नव्हतं, मीच तसं सांगितलं होतं. मी म्हटलं, "वन्सं, मला काही नाही." "म्हणजे?" "रोग नाही. नव्हताच. नुसती सूज होती. काच स्वच्छ आहे म्हणाल्या बाई. ओरडल्या माझ्यावर, किती वेळा सांगू म्हणून." वन्संचा हात खिळ्यावरच राहिला. मग त्यांनी कप काढला, बघितला, आणि केराच्या डब्यात टाकून दिला. धावत येऊन मला मिठी मारली. "अगो माझ्या बाये! देवान राखल्यान गे तुका! माझ्या शिवाचा घर राखल्यान!" त्या हुंदके देऊन रडायला लागल्या, खोटं नाही, त्या बाईला खोटं रडता येत नाही. मीही रडले. त्यांच्या अंगाला पोरीचा वास येत होता, तेलाचा, दुधाचा, आणि मी तो छातीत ओढून घेत होते. किती वेळ तशा उभ्या होतो कोण जाणे.

आणि मग त्यांचे हात माझ्या पाठीवर असतानाच सैल झाले. त्यांना कळलं. मला त्यांचं तोंड दिसत नव्हतं, पण हातांवरून कळलं. त्या बाजूला झाल्या, खाली बसल्या, सूप पुढ्यात ओढलं आणि तांदळात बोटं फिरवायला लागल्या. निवडत नव्हत्या काही. कालू त्यांच्या मांडीवर चढली, सुपात हात घालून तांदूळ उधळायला लागली, तरी त्या रागावल्या नाहीत. बाहेर गॅलरीत कुणीतरी धुणं पिळत होतं. मी वाक्य जुळवलं. वन्सं, मी बरी झाले. एवढं तर म्हणून झालंच होतं, पुढचं अर्धंच उरलं होतं.

"मालन," त्या सुपाकडे बघत म्हणाल्या, "तू मागलंस तर मी देतलंय. देव काय करतलो तां करूंदे माका. तुझ्या पोटचा आसा तां." मग वर बघितलं त्यांनी. एवढ्या वर्षांत इतकी भ्यालेली मी त्यांना पाहिली नव्हती, नवस फेडायला अनवाणी जाताना नाही, की डॉक्टरांनी मूल होणार नाही म्हणून सांगितलं तेव्हाही नाही. "पण मागू नको गे. मी तुझ्या पाया पडतंय. मागू नको."

कालूनं तेवढ्यात "आई" म्हटलं. मला नाही. तिला दूध हवं होतं, किंवा तांदूळ हवे होते, किंवा उगीच म्हटलं. वन्संनी तिला छातीशी घट्ट धरलं, आणि ती तिथं अशी बसली की दुसरीकडे कुठं बसायचं असतं हे तिला ठाऊकच नसावं. मी खेचली असती तर आली असती. रडली असती, निळी झाली असती, मग वाटी-चमच्यानं दूध प्याली असती, मग विसरली असती. एकदा विसरली, तशी पुन्हा विसरली असती. पण वन्संच्या छातीवर कुठली फुलं बांधायची होती? आणि कुणी बांधायची, मी?

"मी कशाला मागू?" मी म्हटलं. माझा आवाज इतका गोड निघाला की मलाच कुशाबांची पेज आठवली. "तुम्हाला बरं वाटेल म्हणून सांगायला आले. जाते आता, ह्यांना अजून सांगायचंय." वन्संनी चहा टाकला, आपल्या चांगल्या कपातून दिला, फुलाफुलांच्या. मी प्यायले. गोड होता. उठले तर म्हणाल्या, थांब, अशी जाव नको. देवासमोरचा नारळ घेतला, ताम्हणात तांदूळ घेतले, मला कुंकू लावलं. "पदर पसर." मी पसरला. "देव देतलो गे तुका. आणखी होतली, बघ तू," असं पुटपुटत त्यांनी ओटी भरली. तांदूळ जमिनीवर सांडले. नारळ जड होता, चांगला पाणीदार, पदर खाली ओढला गेला. कालू आली आणि त्याची शेंडी ओढायला लागली. मी हलले नाही. तिचं डोकं माझ्या पोटाला लागलं होतं. मग वन्संनी तिला उचलून कडेवर घेतलं. "सोड, मामीचो तो. मामीक अच्छा कर बघू. मामीक अच्छा."

मी दारात वळले. नारळाखालचा एक हात सोडवून हलवला. कालूनं माझ्याकडे बघितलं, बोटं मिटली, उघडली, आणि म्हणाली, "मामी." पहिल्यांदाच म्हणाली, अगदी स्पष्ट.

"बघ, शिकली!" वन्सं म्हणाल्या.

"हो," मी म्हटलं, "छान म्हणते."